वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं: काढायचं की ठेवायचं, आणि काढायचं तर कसं

वळचणीखाली, खिडकीच्या चौकटीत किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमागे राखाडी कागदासारखं काहीतरी लटकताना दिसतं आणि आपला हात आधी झाडूकडे जातो. माझाही गेला होता. भर दुपारची वेळ, अंगात बनियन, पायाखाली डुगडुगती खुर्ची. पोळं मुठीएवढंच होतं, वर जेमतेम दहा-बारा माश्या. एकच फटका मारला. पोळं खाली पडलं खरं, पण खुर्चीवरून उडी टाकून आत शिरेपर्यंत कानाची पाळी, मान आणि मनगट अशी तीन ठिकाणी आग पेटली होती. माश्या तिथेच घिरट्या घालत राहिल्या आणि दोन दिवसांत त्याच जागी नवं पोळं बांधायला लागल्या. म्हणजे मारही खाल्ला आणि कामही झालं नाही.

त्या एका फटक्यात वेळ चुकली होती, कपडे चुकले होते, उभं राहायची जागा चुकली होती आणि पळायची वाट ठरलीच नव्हती. पण सगळ्यात मोठी चूक ही की मी नीट बघितलंच नव्हतं. त्यानंतर जी काही पोळी काढली त्यांवरून सांगतो, प्रत्यक्ष काढण्याचं काम दोन मिनिटांचं असतं. त्याआधीचं बघणं आणि ठरवणं यातच सगळं आलं. म्हणून या लेखातही पहिला अर्धा भाग बघण्याचाच आहे. तो गाळून थेट फवारणीकडे उडी मारू नका.

पोळं कोणाचं आहे?

मधमाशी आणि गांधीलमाशी यांत घोळ झाला तर पुढचं सगळंच चुकतं. मधमाशीच्या अंगावर बारीक लव असते, ती जाडसर आणि तपकिरी दिसते, पोळं मेणाचं असतं. गांधीलमाशीचं अंग गुळगुळीत, चकचकीत, कंबर दोऱ्यासारखी बारीक आणि पोळं कागदाचं. कागद अगदी खराखुरा. जुन्या कुंपणाची फळी, वाळकं खोड, रंग उडालेली चौकट अशा ठिकाणचं लाकूड ती जबड्याने खरवडते, लाळेत कालवते आणि त्या लगद्याचे थर चढवत घरं बांधते. दुपारच्या शांततेत जवळ उभं राहिलं तर ते खरवडणं ऐकूसुद्धा येतं.

मधमाश्या असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. मधपाळाला बोलवा, बऱ्याचदा तो त्या जिवंत उचलून नेतो. उंच छज्ज्याखाली किंवा फांदीला लटकलेलं, माश्यांच्या जिवंत थराने झाकलेलं एकच भलंमोठं पोळं म्हणजे आग्या मोहोळ. त्याच्या जवळ जाऊ नका, खडा मारू नका, खाली उभं राहून फोटोही काढू नका.

गांधीलमाश्यांतही चार तऱ्हा दिसतात.

कुंभारीण सगळ्यात निरुपद्रवी. ती भिंतीवर ओल्या मातीचे नळे किंवा छोटी मडकी करते, आत भूल देऊन आणलेला कोळी किंवा अळी ठेवते, अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. ती एकटीच राहते आणि घराची राखणही करत नाही. तिचं मातीचं घर दिवसाढवळ्या खरवडून काढलं तरी सहसा काही होत नाही. बाजूला गोल भोकं पडलेली असतील तर आतली पिल्लं केव्हाच उडून गेली आहेत असं समजा.

दुसरं, उलट्या धरलेल्या छत्रीसारखं उघडं पोळं. एका बारीक देठाला लटकलेलं असतं आणि खालून त्याची षट्कोनी घरं सरळ दिसतात. माश्या सडपातळ, उडताना मागचे लांब पाय लोंबकळत ठेवणाऱ्या. घराच्या आसपास बहुतेकदा हेच दिसतं आणि कुंभारणीचं सोडलं तर घरच्या माणसाने हात घालावा असं फक्त हेच.

तिसरं बंद पोळं. फुटबॉलसारखं किंवा लांबट, वरून कागदाची पट्टेरी वेष्टणं गुंडाळलेली, ये-जा करायला एकच भोक. आत एकाखाली एक असे घरांचे मजले असतात आणि माश्या शेकड्यांनी, कधी हजारांनीही. बाहेर बसलेल्या पाच-सहा दिसतात त्यावरून आतल्यांचा अंदाज बांधू नका. त्या नुसत्या पहाऱ्यावर असतात.

चौथ्यात पोळं दिसतच नाही. भिंतीची फट, कौलाखालची पोकळी, जमिनीतलं बीळ, यांतून माश्या एका मार्गी आत-बाहेर करताना दिसतात. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराला माझं उत्तर एकच आहे: कीटक नियंत्रण करणाऱ्या जाणकार माणसाला बोलवा. त्याच्याकडे पूर्ण पोशाख असतो, पोकळीत मारायची भुकटी असते आणि माश्या उठल्यावर काय करायचं याचा सरावही असतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

काढायलाच हवं का?

हा प्रश्न मी मुद्दाम इथे घालतो, कारण निम्म्या वेळा उत्तर ‘नाही’ असतं. गांधीलमाश्या पिल्लांना भरवायला अळ्या, माश्या, बारीकसारीक किडे उचलून नेतात. बागेतल्या पानांवरच्या अळ्या त्या ज्या चिकाटीने वेचतात ती बघण्यासारखी असते. पोळं माणसांच्या वाटेपासून दूर, वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात किंवा आवाराच्या टोकाच्या झाडावर असेल आणि कोणी त्याला धक्का लावणार नसेल, तर राहू द्या. त्या उगाच अंगावर येत नाहीत. पोळ्याला धोका वाटला की येतात.

शिवाय हा संसार कायमचा नसतो. थंड हवामानात हिवाळ्याच्या तोंडावर सगळं कुटुंब मरतं, गाभण राण्या तेवढ्या कुठेतरी दडून थंडी काढतात आणि पुढच्या हंगामात नवं पोळं बांधतात. उबदार प्रदेशात एखादं पोळं जास्त काळ चालतं, पण तिथेही केव्हातरी ते रिकामं पडतं. दोन महिने वाट बघून कोरडं पोळं नुसत्या काठीने पाडता येत असेल तर तेच करावं.

दार, जिना, रोज उघडायची खिडकी, कपडे वाळत घालायची जागा, मुलांची खेळायची जागा, मीटरची पेटी, यांच्या जवळचं पोळं मात्र काढावं. घरात कोणाला या दंशाची ॲलर्जी असेल तर अंतराचा हिशेब आणखी कडक ठेवा.

हे काम कोणी करू नये

ज्यांना पूर्वी माशी चावून अंगभर पुरळ उठलं, ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा चक्कर आली, त्यांनी पोळ्याच्या आसपासही फिरकू नये. मदतीला म्हणूनही नको. शिडी लागणार असेल तरी स्वतः करू नका. शिडीवर असताना एक माशी चेहऱ्यावर आली की दोन्ही हात आपोआप सुटतात, आणि मग माशीपेक्षा पडल्याची जखम मोठी ठरते. पोळं विजेच्या तारांना किंवा पेटीला लागून असेल तर तेही सोडा.

आकाराबाबत माझा स्वतःचा नियम आहे: उघडं पोळं तळहातापेक्षा मोठं असेल किंवा त्यावर वीसपेक्षा जास्त माश्या बसत असतील तर मी ते दुसऱ्याकडे सोपवतो. हा काही शास्त्रीय आकडा नाही. मला जेवढं झेपतं तेवढाच तो आहे.

दोन दिवस नुसतं बघा

चार-पाच मीटरांवरून, जमलं तर दुर्बिणीतून किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. एकदा दुपारी आणि एकदा सूर्य मावळल्यावर. दुपारी माश्या कुठून येतात, कुठे जातात, त्यांचा उडण्याचा रस्ता कोणता, हे कळतं. त्या रस्त्यात उभं राहायचं नाही. संध्याकाळी अन्नाच्या शोधात गेलेल्या बहुतेक सगळ्या परत आलेल्या असतात, त्यामुळे खरी मोजणी तेव्हाच होते. दुपारी पाच दिसलेल्या ठिकाणी संध्याकाळी पंचवीस बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

पोळं एकच आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या. एक सापडलं की आपलं बघणं थांबतं आणि दुसरं नेमकं आपण जिथे उभे राहणार त्याच्या डोक्यावर असतं.

उभं राहायची जागाही आत्ताच ठरवा: पोळ्याच्या बरोब्बर खाली नाही, थोडं तिरकं, वारा पाठीवर घेऊन, आणि मागे दहा-पंधरा पावलांवर बंद होणारं दार. ती वाट एकदा उलटी चालून बघा. कुंडी, बादली, सायकल, नळाचा पाईप, जे काही आड येईल ते आधीच हलवा. हे वाचताना हास्यास्पद वाटतं, पण अंधारात कुंडीला अडखळलेला माणूस पुढच्या वेळी न सांगता हे करतो.

कपडे

जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, शक्य तर एकावर एक दोन. जाड पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले. बंद बूट. मनगटावर येणारे जाड हातमोजे, बाह्या त्यांच्या आत. गळ्यापर्यंत बटणं लावून वर रुमाल. डोळ्यांना बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा. रुंद काठाच्या टोपीवरून मच्छरदाणीचं कापड टाकून ते कॉलरमध्ये खोचलं तर चेहरा झाकला जातो. टोपीचा काठ रुंद हवा, नाहीतर जाळी नाकाला चिकटते आणि माशी जाळीतूनच नांगी मारते.

रंग फिकट निवडा, कापड गुळगुळीत. गडद आणि लोकरीसारखे कपडे त्यांना जास्त डिवचतात, शिवाय लोकरीत त्यांचे पाय अडकतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ काहीही लावू नका. मोकळे केस बांधून टोपीत घ्या.

साबणाचं पाणी की औषध?

पोळं लहान असेल, माश्या दहा-बाराच असतील, तर साबणाचं पाणी पुरतं. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन मोठे चमचे घाला आणि हळू ढवळा, फेस नको. साध्या पाण्याचे थेंब माशीच्या अंगावरून ओघळून जातात. साबणामुळे पाणी तिच्या अंगाला चिकटून पसरतं आणि श्वास घ्यायच्या बारीक छिद्रांत शिरतं. ओली झालेली माशी थोड्याच वेळात गुदमरून मरते. खोट एकच, जी भिजली नाही तिला काहीच होत नाही. म्हणून धार मारणारा हातपंप हवा, बाष्पासारखं फवारणारी छोटी बाटली नको. चार मीटरांवरून धार नेमकी कुठे पोचते हे आधी एखाद्या भिंतीवर मारून बघा.

विकतच्या औषधाचं म्हणाल तर गांधीलमाश्यांसाठीच बनवलेला, लांब धार मारणारा स्प्रे घ्या. त्याची धार सहसा चार ते सहा मीटर जाते. डास-झुरळांचा घरातला स्प्रे इथे चालत नाही. तो हातभर अंतरावर पसरतो, म्हणजे तुम्हाला पोळ्याच्या तोंडाशी जाऊन उभं राहावं लागतं. माश्या त्याने मरतीलही, पण लगेच नाही, आणि मधल्या काही सेकंदांत काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

बहुतेक स्प्रेंमध्ये पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. माशांना ते फार घातक असतं (इथे पाण्यातल्या माशांबद्दल बोलतोय), आणि या गटातलं परमेथ्रिन मांजरांनाही. तेव्हा माशांची टाकी झाका, प्राण्यांच्या पाण्याची भांडी उचला, खिडक्या लावा. डब्यातला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. आसपास शेगडी, दिवा, सिगारेट काहीही नको. डब्यावरच्या सूचना दिवसा उजेडात वाचून ठेवा, कारण त्यातलं अंतर आणि वेळ दर डब्यागणिक वेगळी असते.

एसीच्या युनिटमागे पोळं असेल तर आधी मुख्य स्विच बंद करा. चालू यंत्रावर ना पाणी, ना स्प्रे. मी तर अशा जागी माणूसच बोलावतो.

प्रत्यक्ष काम

1. वारा पडलेली, कोरडी संध्याकाळ निवडा. घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलं आणि प्राणी आत, पोळ्याजवळच्या खिडक्या आणि बाहेरचा दिवा बंद. एक माणूस दाराशी ठेवा. त्याचं काम दोनच: तुम्ही आलात की दार उघडणं, आणि तुम्ही आत शिरलात की लावणं. त्याच्या हातात मोबाइल असू द्या.

2. सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला की सुरू करा. तोवर बहुतेक सगळ्या माश्या पोळ्यावर बसलेल्या असतात, गारव्याने मंदावलेल्या असतात, आणि अंधारात त्या सहसा उडत नाहीत. भल्या पहाटे, उजाडायच्या आतही हे चालतं.

3. टॉर्च हातात धरू नका. उठलेली माशी उजेडाकडे जाते, म्हणजे टॉर्च धरणाऱ्याकडे जाते. टॉर्च बाजूला स्टुलावर किंवा भिंतीच्या कठड्यावर ठेवा आणि तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधा. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, आपल्याला पुरेसा दिसतो.

4. ठरवलेल्या जागी उभे राहा, पाय घट्ट, शरीर दाराच्या दिशेला अर्धं वळलेलं. पोळ्यावर बसलेल्या माश्यांवर सलग धार धरा. थोडं मारलं, थांबलो, बघितलं, पुन्हा मारलं, असं करू नका. तो थांबलेला क्षण त्यांना उठायला पुरतो. स्प्रे असेल तर डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकी, साबणपाणी असेल तर पोळं निथळेपर्यंत. घरं आणि देठ दोन्ही भिजले पाहिजेत.

5. धार थांबली की मागे व्हा आणि आत जा. काय झालं ते बघायला थांबू नका, मेल्या का म्हणून जवळ तर अजिबात जाऊ नका. टॉर्च रात्रभर तिथेच राहिली तरी चालेल.

कितीही नीट केलं तरी एखादी माशी उठतेच. हात झटकू नका, तिला अंगावर चिरडू नका. गांधीलमाश्यांच्या विषात अशी रसायनं असतात की त्यांचा वास इतरांना धोक्याची सूचना देतो, आणि पोळ्याजवळ एक चिरडली की बाकीच्या तिथेच धावतात. एकटी अंगावर बसली तर हळूहळू दूर चालत जा. दोन-चार मागे लागल्या तर मात्र चेहरा झाकून, सरळ रेषेत, दारापर्यंत पळा. वेडंवाकडं पळणं, पाण्यात बुडी मारणं, झाडामागे लपणं यांचा उपयोग नाही. बंद दार हाच उपाय.

सकाळी

दुसऱ्या दिवशी लांबून पंधरा मिनिटं बघा. हालचाल दिसली तर पोळ्याला हात न लावता संध्याकाळी पुन्हा तीच सगळी तयारी करा. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर माणूस बोलवा.

काहीच हलत नसेल तर लांब काठीच्या टोकाला पुट्टीचा पत्रा बांधून देठ मुळापासून खरवडा. पोळं जाड प्लॅस्टिक पिशवीत घ्या, गाठ मारा आणि लगेच कचऱ्यात टाका. पांढऱ्या रेशमी टोपणांनी बंद केलेली घरं दिसतील, त्यांत कोष असतात. पाणी किंवा औषध तिथपर्यंत पोचलेलं नसतं, आणि चार-सहा दिवसांनी त्यातून नव्या माश्या बाहेर येऊ शकतात. पोळं कौतुकाने फळीवर मांडून ठेवणाऱ्या एका स्नेह्याकडे असा पाहुणचार झालेला मी पाहिला आहे. खाली पडलेल्या माश्या झाडूनेच गोळा करा, हातमोजे न काढता. मेलेल्या माशीची नांगीही काही तास आपोआप टोचू शकते.

मग ती जागा साबणपाण्याने घासा. एक-दोन दिवस काही माश्या तिथे घुटमळतील. रात्री बाहेर राहिलेल्या असतात त्या. त्यांना राखायला आता काही उरलेलं नसतं, त्यामुळे त्या सहसा अंगावर येत नाहीत. मारत बसण्यापेक्षा तिकडे जाणं टाळा. देठाचा ठिपका मात्र राहू देऊ नका.

जे कधीच करायचं नाही

पोळ्याला मशाल लावणं, रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं. पोळं सुक्या कागदाचं आहे आणि ते तुमच्याच घराला चिकटलेलं आहे, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

पाण्याच्या पाईपने उडवणं. पोळं पडतं, माश्या भिजतात, पण साबण नसल्यामुळे पुन्हा उडतात आणि चिडलेल्या असतात.

भिंतीतल्या पोळ्याचं भोक सिमेंटने बुजवणं. हे सगळ्यात फसवं, कारण दोन दिवस काम झाल्यासारखं वाटतं. आत अडकलेल्या माश्या जबड्याने दुसरीकडून वाट कोरतात, आणि ती वाट पुष्कळदा घराच्या आत, लाकडी छतातून किंवा स्विचच्या पेटीतून निघते. आधी आतलं मारून घ्या, ये-जा पूर्ण थांबल्याची खात्री करा, मगच फट बुजवा.

धूर. मधमाश्यांना धूर दिला की त्या पोटभर मध भरून घेतात आणि सुस्तावतात, मधपाळ त्याचाच फायदा घेतो. गांधीलमाश्यांकडे असा मधाचा साठाच नसतो. धुराने त्या नुसत्या उठतात.

चावलीच तर

आपण ‘चावली’ म्हणतो, पण ती नांगी मारते, आणि तीही फक्त मादी. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने कातडीत अडकते, गांधीलमाशीची सहसा अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा टोचते. म्हणून आधी तिथून दूर जा, बाकीचं नंतर. कातडीत काटा दिसलाच तर ती बहुधा मधमाशी होती. तो नखाने, पत्त्याने, कशानेही पण लगेच काढा.

बोटाला किंवा हाताला चावली असेल तर अंगठी, बांगडी, घड्याळ ताबडतोब उतरवा. सूज चढल्यावर ते निघत नाही. जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. खाज आणि गांध यांवर सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी उपयोगी पडते, पण नेहमीची इतर औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांना विचारून. व्हिनेगर किंवा आणखी कसले लेप लावण्यात वेळ घालवू नका. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, लेप वरच राहतो. सूज दुसऱ्या दिवशी वाढणं नेहमीचं आहे, मग ती ओसरते. तीन-चार दिवसांनी उलट वाढत गेली, ताप आला, पू झाला तर दाखवा.

पुढची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत: चावलेल्या जागेपासून लांब, अंगभर गांधी उठणं, ओठ, जीभ किंवा घसा सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, उलट्या, चक्कर, घेरी. ही बहुतेक वेळा काही मिनिटांत ते तासाभरात दिसतात. ही अॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. त्याच्याकडे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्या. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. बरं वाटायला लागलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

ॲलर्जी नसली तरी दोन प्रसंगी थांबू नका. तोंडात किंवा घशात चावली असेल तर सुजेने श्वासाची वाट अडू शकते. आणि एकाच वेळी पुष्कळ दंश झाले असतील, मोठ्या माणसाला काही डझन किंवा मुलाला त्याहून कमी, तर विषाचा एकूण भार स्नायूंवर आणि मूत्रपिंडांवर येतो. हा परिणाम काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कळतो. लघवी कमी होते किंवा गडद होते. तेव्हा ‘आता ठीक वाटतंय’ यावर विसंबू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

मोठं पोळं काढण्यापेक्षा उगवतं पोळं पाडणं शंभरपट सोपं. सुरुवातीला राणी बहुतेकदा एकटी असते. एक देठ, नाण्याएवढी चकती, पाच-दहा घरं. थंड प्रदेशात वसंताच्या सुरुवातीला, उबदार ठिकाणी नवी पोळी दिसू लागतात त्या दिवसांत आठवड्यातून एकदा घराभोवती मान वर करून फेरी मारा: वळचण, छज्ज्याची खालची बाजू, खिडकीची ग्रिल, जिन्याखालचा कोपरा, पन्हळ, टाकीचं झाकण, क्वचित उघडणारी पेटी. असा देठ दिसला तर ती बाहेर गेलेली बघून लांब काठीने पाडा आणि जागा पुसून घ्या. ती परत येऊन पुन्हा बांधायला घेईल. तुम्ही पुन्हा पाडा. दोन-तीनदा झालं की बहुधा जागा बदलते.

रिकाम्या फटी सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरा, हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण ठेवा. रंग उडालेल्या लाकडाला एक हात रंग दिला तर त्यांचा कागदाचा कच्चा माल कमी होतो. नकली पोळं म्हणून कागदी पिशवी टांगण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. मी टांगून बघितली. तिच्यापासून वीतभर अंतरावर नवं पोळं झालं, तेव्हापासून त्या खिळ्याला मी टॉर्च अडकवतो.